कुंपणावरची खतावणी

मार्च संपत आला की आमच्या सांगलीकडं दोन वास सुटतात. एक चटणीचा, दुसरा जुन्या वह्यांचा. चटणीचा घराघरांतून येतो, वह्यांचा दुकानादुकानांतून. परवा दुपारी हे दोन्ही वास आमच्या कुंपणाशी येऊन भेटले.

कुंपण म्हणजे तरी काय, चार तारा. माझ्या बाजूला कढीपत्ता, वैनींच्या बाजूला जास्वंद. मधली तार वाकून पार खाली आलीय. ती कुणी वाकवली यावर दोन्ही घरांचं एकमत आहे: बोलून बोलून वाकली.

वैनींच्या घरचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. गल्ल्यावर दादा बसतात, पण कुणाच्या रानात काय पिकलं आणि कुणाच्या घरात काय शिजलं हे वैनींना आधी कळतं. मी सोसायटीत पस्तीस वर्षं हिशेबनीस होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बेरजेची खोड गेलेली नाही. कुणी चार आकडे बोललं की माझ्या डोक्यात आपोआप रेघ ओढली जाते.

वैनी सूप घेऊन आल्या. सुपात मिरच्या होत्या, देठं काढायच्या. मी माझं सूप घेतलं आणि आम्ही तारेच्या अल्याड-पल्याड बसलो.

"आक्का, दोन दिवस झाले, आमच्या घरात जेवण नाही का बोलणं नाही."

"का, दादांना बरं नाही का?"

"बरं आहे हो. सीएनं यादी मागितलीय उधारीची. कुठली येणार आणि कुठली बुडाली, नावापुढं खूण करा म्हणाला. तवापासून हे वही उघडतात, बघतात आणि मिटतात. एका नावावर खूण होईना. काल रात्री तर वही उशाशी घेऊन झोपले."

"आहे तरी किती उधारी?"

वैनींनी आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. डावीकडं म्हैस होती, उजवीकडं कुणीच नव्हतं. तरी आवाज खाली आणून म्हणाल्या, "अकरा लाख. कुणाला बोलू नका."

मी म्हटलं, "मी कशाला बोलू? आणि त्यातली जुनी किती?"

"यंदाच्या हंगामाची पाच लाख चाळीस हजार. ती येतील, उसाची बिलं निघाली की लोक देतात. राहिलेली पाच लाख साठ हजार जुनी. कुठली दोन वर्षांची, कुठली चार."

माझ्या डोक्यात रेघ ओढली गेली. बेरीज बरोबर होती.

"पण खूण करायला यांचा हात का थरथरतो ते कळत नाही बघा," वैनी म्हणाल्या. "पाव्हणे आले की सांगतात, गावावर आपलं अकरा लाख येणं आहे. जणू गावच यांच्याकडं गहाण पडलंय. आता त्यातलं निम्मं कापायचं म्हणजे..."

"म्हणजे इभ्रत कापल्यासारखं वाटत असेल."

"तसंच. आणि वर म्हणतात, मी पैसे सोडले म्हणून गावात झालं, तर जे देतायत तेही थांबतील."

आता मला राहवेना. मी सूप खाली ठेवलं.

"वैनी, पहिली गोष्ट. वहीतून काढणं आणि पैसे सोडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. बँकांनी इतक्या कोटींची कर्जं निर्लेखित केली असं पेपरात आलं की लोक म्हणतात, बघा, बड्यांना माफ केली. माफी वेगळी. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची पीककर्जं माफ झाली, ते देणं संपलं. सरकारनं बँकेला पैसे भरले. तुमच्या दुकानाला कोण भरणार?"

"कोण भरतंय! माफी बँकेची, बोंब आमची. माफी झाली त्या साली तर लोक दुकानात येऊन विचारत होते, खताची पण झाली का म्हणून."

"तेच म्हणते मी. माफी समोरच्याला सांगून करतात. बुडीत लिहिणं हे आपलं आणि आपल्या वहीचं बोलणं. समोरच्याला पत्र नाही, निरोप नाही. तो दारावरून गेला तर तगादा आहे तसाच लावायचा. वहीत फक्त एवढं होतं की, बुडीत कर्ज खाते नावे, आणि त्या माणसाचं खातं जमा. त्याची बाकी शून्य होते, आणि तेवढी रक्कम नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून जाते. खाली एक ओळ लिहायची, वसुलीची आशा नसल्यानं खातं बंद केलं. झालं."

"आणि उद्या त्यानं आणून दिले तर?"

"तर बुडीत वसुली म्हणून जमा करायचे आणि त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवायचे. देव पावला म्हणायचं आणि त्यावर कर भरायचा."

वैनी हसल्या. मी त्यांच्या सुपाकडं बोट केलं. "त्या काय बाजूला काढताय?"

"फटक्या आहेत. पांढऱ्या पडलेल्या. बाजारवाल्यानं घातल्या वजनात."

"वजनात भरतात, चटणीत रंग देत नाहीत. बरोबर? दादांच्या अकरा लाखांत अशा किती फटक्या आहेत, एवढंच सीए विचारतोय. आणि एक सांगू? बँकेनं हे केव्हाच ओळखलंय. दादांची कॅश क्रेडिट आहे ना?"

"आहे की. दर महिन्याला स्टॉकचा कागद देतात."

"त्या कागदावर उधारीही लिहावी लागते, आणि नव्वद दिवसांवरची उधारी बँक सहसा धरत नाही. म्हणजे दादा पाव्हण्यांना अकरा लाख सांगतात, पण बँक त्यातलं जुनं आधीच बाजूला ठेवून मोजते. फसतंय कोण? एकटे दादा."

वैनींनी एक मिरची सुपातून उचलून मुद्दाम लांब भिरकावली. नवऱ्याच्या वतीनं.

"मग सांगा बघू एकेक नाव," मी म्हटलं. "नाव नको, खूण सांगा. मी ओळखते."

इथून पुढं खऱ्या गप्पा सुरू झाल्या. वैनींनी पदर खोचला.

"पहिला तो बुलेटवाला. चौसष्ट हजार. २०२२ च्या खरिपात नेलं सगळं. सोयाबीनचं बी, खत, तणनाशक. त्यानंतर घर बांधलं, बुलेट घेतली, पोराच्या बारशाला डीजे लावला. आता दुकानावरनं जात नाही, मागच्या बोळातनं जातो. आणि बुलेट म्हणजे, आक्का, बोळातनं गेली तरी पेठेत ऐकू येते!"

"काही लिहून दिलं होतं का त्यानं?"

"चेक दिला होता, त्याच साली दिवाळीला. परत आला. तर हे म्हणाले, सणासुदीला कशाला कोर्टकचेरी. चेक अजून गल्ल्यात आहे, अंबाबाईच्या फोटोच्या मागं."

"अंबाबाई पावेल, पण कोर्ट नाही पावणार. चेक तीन महिन्यांत बँकेत टाकायचा असतो. परत आल्याची चिठ्ठी मिळाली की तीस दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस पैसे भरायला. नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. तेव्हा दादांनी हे केलं असतं, तर शिक्षेच्या भीतीनं तरी बुलेट दुकानापुढं थांबली असती. आणि साध्या दाव्याची मुदत तीन वर्षं. तीही गेली."

"म्हणजे बुडालेच?"

"कोर्टाचं दार बंद झालं. देणं तेवढं बंद नाही झालं. त्यानं मनानं दिलं तर घ्यायला कुणाची आडकाठी नाही. पण ज्याच्या मनात डीजे आहे त्याच्या मनात खत कुठनं येणार? वहीत ठेवण्यात अर्थ नाही. लिहा चौसष्ट हजार."

वैनींनी एक फटकी मिरची तारेच्या खुंटापाशी ठेवली. हिशेबासाठी.

"दुसरा तो तासगावकडचा द्राक्षवाला. शहाऐंशी हजार. त्याचं ऐकून तर माझ्या पोटात कालवतं. एक साल अवकाळी झाली, घड फुटले. दुसऱ्या साली माल चांगला आला, तर व्यापारी माल भरून पळाला. फोन बंद. याच्या हातात एक चिठ्ठी राहिली, तीही कच्ची. हा माणूस दर दिवाळी पाडव्याला येतो, आक्का. दुकानात पूजा चालू असते, हा बाहेर चप्पल काढून उभा. पाचशे रुपये टेकवतो आणि म्हणतो, वहीत लिहा, मी सही करतो."

"आणि दादा सही घेतात?"

"हे नको म्हणतात, तोच करतो."

"मग ऐका मजा. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं बाकी मान्य म्हणून लेखी सही केली, की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मोजायची. थोडे पैसे भरले आणि तसं सही करून लिहिलं, तरी तेच. म्हणजे ज्याच्याकडं नाही त्यानं खातं जिवंत ठेवलंय आणि ज्याच्याकडं आहे त्याचं खातं मेलं. हे खातं बंद नाही करायचं. फार तर दादांनी त्यातल्या निम्म्या रकमेची संशयित म्हणून तरतूद करून ठेवावी. नफ्यातनं थोडं बाजूला, एवढंच. खातं तसंच राहतं."

"त्या तरतुदीचा टॅक्सला उपयोग?"

"नाही. ती सवलत बँकांना आहे, तीही ठराविक मापात. तुमच्याआमच्या दुकानाला तरतूद म्हणजे नुसता सावधपणा. टॅक्समधून वजा होतं ते प्रत्यक्ष बुडीत लिहिलेलं."

"मग याला नको. हा देणार बघा," वैनी म्हणाल्या, आणि मिरची सुपात परत टाकली. ती मिरची तशी लालच होती.

"तिसरा गेला बिचारा, देवाघरी. बावन्न हजार. म्हाताऱ्यानं जन्मभर कधी थकवलं नाही. शेवटच्या वर्षी आजारपण. आता दोन पोरं. थोरला म्हणतो, खत धाकट्याच्या रानात पडलं. धाकटा म्हणतो, औषध थोरल्यानं मारलं. वाटणी करताना बैल, विहीर, मोटार, पाइप सगळं वाटून घेतलं. उधारी वाटायची राहिली."

"माणूस गेला तरी देणं जात नाही. बापाच्या मिळकतीतनं जेवढं वाट्याला आलं, तेवढ्यापुरतं पोरांना द्यावं लागतं. दोघांना एकत्र बोलवा. वेगवेगळं बोलवलं की वेगवेगळी गोष्ट सांगतील. मुदत आहे अजून?"

"दोन वर्षं झाली."

"मग यंदा लिहू नका. आधी लेखी मागणी करा. पुढच्या मार्चला बघू."

चौथं नाव सांगायच्या आधी वैनींनी पुन्हा डावीकडं-उजवीकडं बघितलं. म्हैस होतीच.

"चौथे साहेब."

"कुठले साहेब?"

"आपले. बॅनरवरचे. एक लाख दहा हजार. ठिबकच्या नळ्या, विद्राव्य खतं, सगळं ड्रायव्हर येऊन न्यायचा. साहेबांच्या नावावर टाका म्हणायचा. सही मागितली तर ड्रायव्हर म्हणाला, साहेबांची सही शिफारशीच्या पत्रावर असते, उधारीवर नसते."

मला हसू आवरेना. "चार वर्षं झाली असतील."

"झाली. आता बिल पाठवलं की चहा पाजतात, खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, दुकान कसं चाललंय?"

"लिहा ते. पण बिल पाठवायचं थांबवू नका. प्रत्येक निवडणुकीच्या आधी एक प्रत पाठवायची. वहीत मेलेला माणूस प्रचारात जिवंत होतो."

खुंटापाशी दुसरी मिरची गेली, ही जरा मोठी.

"आणि मग बारीकसारीक. कुणाचं पाचशे, कुणाचं हजार, कुणाचं तीन हजार. अडतीस नावं, सत्तर हजार. कुणी गाव सोडून पुण्याला गेलं, कुणी पंप विकला, एकानं रानच विकलं."

"एकेकामागं सरासरी दोन हजारसुद्धा नाहीत. वसुलीला माणूस पाठवायचा तर पेट्रोल आणि दिवस धरून तेवढंच जाईल. लिहून टाका."

"आमच्या सासूबाई म्हणायच्या, उधारीचं पोतं सव्वा हात रितं."

"खरंय. आणि किती रितं ते मी आकड्यात सांगते. दादांना शंभराच्या विक्रीत किती सुटतात?"

"कुठं आठ, कुठं दहा. युरियात तर काहीच नाही. दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैशांची गोणी, ती पण मशीनवर अंगठा घेऊन द्यायची."

"आठ धरा. शंभराचं बिल बुडालं तर आठ रुपये नफ्याचे गेलेच, पण ब्याण्णव घरचे गेले. ते ब्याण्णव भरून काढायला शंभराची साडेअकरा बिलं रोखीनं विकावी लागतात. म्हणजे बुलेटवाल्याच्या एका उधारीसाठी अकरा-बारा गिऱ्हाइकं राबतात. ती गिऱ्हाइकं पैसे देतात दादांना आणि फेडतात बुलेट."

वैनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, जो पोटात होता. "पण सीए म्हणतो ते खरं का? टॅक्स वाचेल? आणि टॅक्सचा साहेब विचारायला आला की हे कशावरनं बुडालं, तर काय दाखवायचं?"

"आता काही दाखवावं लागत नाही. पूर्वी लागायचं. माझे वडील मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. तेव्हा दुकानांची वर्षं दिवाळीची असायची. पाडव्याला नवी वही, वर श्री, हळदकुंकू. एखादी उधारी बुडीत लिहिली की टॅक्सचा अधिकारी विचारायचा, ह्याच वर्षी बुडाली कशावरनं? गेल्या वर्षी का नाही? पुरावा आणा. वडील वैतागून म्हणायचे, माणूस कधी मेला त्याचा दाखला मिळतो, पत कधी मेली त्याचा कुठनं आणू? मग १ एप्रिल १९८९ पासून दोन्ही बदललं. सगळ्यांचं वर्ष मार्चअखेरचं झालं आणि बुडीत ठरल्याचा पुरावा द्यायची अटही गेली. वहीत खरोखर बुडीत लिहिलं पाहिजे, एवढंच राहिलं. तरीसुद्धा वाद चालायचे. शेवटी २०१० साली सुप्रीम कोर्टानं टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात स्पष्ट केलं की लिहिलं की पुरे."

"मग आता १ एप्रिल २०२६ पासून टॅक्सचा तो नवा कायदा येतोय म्हणे?"

"२०२५ चा. १९६१ चा जाणार. कलमांचे आकडे बदलणार, म्हणून सगळे सीए सध्या पाठांतर करतायत. पण हे वर्ष ३१ मार्चला संपतंय, ते जुन्याच कायद्यात. म्हणूनच सीएला घाई आहे. ३१ तारखेच्या आत वहीत नोंद झाली नाही, तर यंदाची वजावट नाही."

"आणि समोरच्या किराणावाल्या भाऊंनी पण लिहायचं का? त्यांची बायको विचारत होती."

"लिहावं, पण टॅक्स वाचेल म्हणून नको. ते अंदाजी नफ्याच्या योजनेत आहेत. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला ती चालते, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत. विक्रीवर आठ टक्के नफा धरायचा, बँकेतनं किंवा डिजिटल आलेल्यावर सहा. त्यात खर्च सगळे आलेच असं कायदा मानतो, बुडीतसुद्धा. वेगळं काही वजा होत नाही. दादांची उलाढाल दोन कोटींवर, रोख भरपूर, म्हणून पूर्ण वह्या. त्यांना वजावट मिळेल."

"मग शंभर बुडाले तर शंभर वाचले?"

"कसलं काय! शंभर बुडाले तर टॅक्समध्ये वाचणार वीस-तीस. राहिलेले सत्तर-ऐंशी गेलेच. बुडीत लिहून कुणी श्रीमंत होत नाही. शिवाय जीएसटी आहेच. औषधावर अठरा टक्के. लाखाचं औषध उधार दिलं तर बिल एक लाख अठरा हजारांचं. गिऱ्हाइकानं एक पैसा दिला नाही तरी दादांनी सरकारला त्या अठरा हजारांचा हिशेब दिलेलाच. माल परत आला, खराब निघाला, दर चुकून जास्त लागला, तर क्रेडिट नोट काढता येते. गिऱ्हाईक पळालं म्हणून काढता येत नाही."

"म्हणजे माल आमचा, कर आमचा आणि बारसं त्याचं!"

"आणि एक अट राहिली. ज्या रकमेची विक्री म्हणून कधीतरी उत्पन्नात नोंद झालीय, तीच व्यापाराची उधारी. तिचंच बुडीत चालतं. दादांनी कुणाला असेच हातउसने पैसे दिले असतील, ते दुकानाच्या उधारीत घालून बुडीत म्हणता येत नाही. कधी विक्रीच झाली नाही, तर वजा कशातनं करणार?"

वैनींचा हात सुपात थांबला.

मी आपली माझ्या नादात बेरीज करत होते. "बुलेट चौसष्ट, द्राक्षं शहाऐंशी, म्हातारा बावन्न, साहेब एक लाख दहा, बारीक सत्तर. तीन लाख ब्याऐंशी. तुम्ही जुनी म्हणालात पाच लाख साठ. वैनी, तेरीज जुळत नाही. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार कुठं गेले?"

म्हैस रवंथ करत होती. वैनी एका मिरचीचं देठ दोनदा काढायला गेल्या.

मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझ्या भावाकडं."

मी काही बोलले नाही. पस्तीस वर्षांत एवढं शिकले होते की तेरीज जुळली नाही तर आधी गप्प बसायचं. चूक आपणहून वर येते.

"त्यातला माल अठ्ठ्याहत्तर हजारांचा. खतं, औषधं. २०२१ ला नेला. आणि एक लाख रोख. भाचीच्या लग्नाला. तेव्हा माझ्याच तोंडानं बोलले होते, असू द्या, देईल. यांनी तेही त्याच्याच खात्यावर नावे टाकले." त्यांनी डोळ्याला पदर लावला. मिरचीच्या हातानं लावला, त्यामुळं पाणी कशाचं हे विचारायची सोय राहिली नाही. "रक्षाबंधनाला येतो. ओवाळणीत पाचशे घालतो. मी मनात म्हणते, हे कुठल्या खात्यावर जमा करू?"

आता मला कळलं. दोन दिवस दादांची खूण कुठं अडली होती. बुलेटवर नाही, साहेबांवर नाही. पहिल्या नावापासून सुरुवात केली की वही शेवटी मेहुण्यावर येणार, आणि तिथं खूण केली तर बायको काय म्हणेल. म्हणून माणूस पहिल्याच नावावर हात आखडून बसला होता. आणि वैनी? वैनी गावभरच्या उधाऱ्या सांगत होत्या, एवढी एक सांगायची टाळायला.

"वैनी, माल अठ्ठ्याहत्तर हजारांचा, तो विक्रीत आलेला. पाच वर्षं होतील. सही?"

"बहिणीच्या घरी कोण सही करतंय."

"मग तो इतरांसारखाच. लिहिता येतो. आणि ते लाख..."

"ते दुकानाच्या वहीत नको." वैनींचा आवाज आता सरळ झाला होता. "ते काढायला सांगते. टॅक्स वाचत नाही म्हणून नव्हे. ते मुळात दुकानाचे नव्हतेच."

"लोक अशाला अक्कलखातं म्हणतात."

"नाही आक्का. अक्कलखातं बुलेटवाल्याचं. सही घेतली असती तर ते वाचलं असतं, ती आमची अक्कल. हे माहेरखातं. ह्यात अक्कल आधीपासूनच नसते, माहीत असून देतो आपण."

हिशेबाच्या पुस्तकात हे खातं मला कधी सापडलं नव्हतं. पण प्रत्येक बाईच्या घरात ते असतं, आणि त्याचा ताळेबंद कुणी मागत नाही.

मी डोक्यात शेवटची रेघ ओढली. बुलेट, साहेब, बारीक आणि मेहुण्याचा माल. तीन लाख बावीस हजार बुडीत. लाख रुपये दुकानाच्या उधारीतनं बाहेर. अकरा लाखांचे राहिले सहा लाख अठ्ठ्याहत्तर हजार. "पण हे येणारे सहा लाख अठ्ठ्याहत्तर, वैनी. पाव्हण्यांना सांगायला कमी आहेत, खायला जास्त आहेत."

"मीच खूण करते त्याच्या नावापुढं," वैनी उठत म्हणाल्या. "यांच्या हातनं व्हायची नाही. आणि आक्का, ह्यातलं कुणाला..."

"बोलणार नाही."

"नाही, बुलेटवाल्याचं बोललात तरी चालेल."

सूप घेऊन त्या गेल्या. खुंटापाशी दोन फटक्या मिरच्या राहिल्या होत्या. म्हैस मान लांब करून हुंगत होती. तिनंही त्या घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, तेव्हा दादा कुंपणाशी दात घासत उभे होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच दिसले. मला म्हणाले, "आक्का, जुळली बरं का."

"काय जुळली?"

"तेरीज," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. आतनं वैनींचा आवाज आला, "अहो, एवढ्यात चार भाकऱ्या झाल्या, पाचवी करू का?"

तर असं आहे. मी शब्द दिला होता, तो पाळला. वरचं सगळं पुन्हा वाचून बघा, एकही नाव घेतलेलं नाही. आकडे तेवढे सांगितले. आता आकड्यांवरून कुणी बुलेट ओळखली, तर तो ओळखणाऱ्याचा दोष. तशी ती आत्ताच मागच्या बोळातनं गेली, पेठेपर्यंत ऐकू आली असणार.